आठ टक्के बॅटरीवर चालणारं ॲप

२ मार्च २०२२. युक्रेनमधल्या खारकिव्ह शहरावर रशियन तोफा आग ओकू लागल्याला आठवडा होत आला होता. आदल्याच दिवशी तिथे एका भारतीय विद्यार्थ्याचा मृत्यू झाला होता. अशात भारतीय दूतावासाची सूचना ट्विटरवर झळकली. सर्व भारतीयांनी ताबडतोब खारकिव्ह सोडावं, पेसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदोव्हका यांपैकी एक वस्ती गाठावी, आणि तेही युक्रेनच्या वेळेनुसार संध्याकाळी सहाच्या आत. वाहन मिळत नसेल तर पायी निघावं. रेल्वे स्थानकापासून अंतरं ११, १२ आणि १६ किलोमीटर.

आता त्या शहरातल्या तळघरात बसलेल्या एखाद्या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. फोनची बॅटरी आठ टक्के. रेंज येते आणि जाते. सूचनेतलं पेसोचिन हे रशियन वळणाचं नाव. युक्रेनियन भाषेत तेच पिसोचिन, आणि रस्त्यावरची पाटी वेगळ्याच लिपीत. व्हॉट्सॲपवर त्याच सूचनेच्या चार आवृत्त्या फिरतायत, पाचवा निरोप सांगतो की सगळं खोटं आहे. लातूरहून आई दर दहा मिनिटांनी फोन करते आणि प्रत्येक फोनागणिक बॅटरी आणखी उतरते. या क्षणी त्याच्या फोनमध्ये कोणतं ॲप असतं तर उपयोगी पडलं असतं?

परदेशातल्या आपल्या नागरिकांसाठी ‘सुरक्षा ॲप’ करायचं ठरलं की बैठकीत पहिल्यांदा समोर येतं ते मोठं लाल बटण. ते काढायला एक दुपार पुरते. ते दाबल्यावर पलीकडे काय घडतं, हे ठरवण्यात खरी अक्कल लागते. असं ॲप आखायचं तर झगमगीत पडद्यासमोर बसलेल्या अधिकाऱ्यासाठी आखून चालत नाही. ते आठ टक्क्यांवर आलेल्या, घाबरलेल्या आणि कुणावर विश्वास ठेवावा हे न कळणाऱ्या माणसासाठी आखावं लागतं.

कोण कुठे आहे?

संकट आलं की सरकारपुढचा पहिला प्रश्न असतो, आपली माणसं किती आणि कुठे? ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळलं, तेव्हा तिथे अडकलेल्या भारतीयांच्या खिशात मोबाइल नव्हते. तिथल्या भारतीयांनीच समित्या करून माणसं गोळा केली, अम्मानपर्यंत रस्त्याने नेली, आणि एअर इंडियाच्या विमानांनी एक लाख सत्तर हजारांहून अधिक लोक मायदेशी आले. शेजार आणि ओळख हेच तेव्हाचं नेटवर्क होतं. पर्यटकाला असा शेजार नसतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत थायलंड आणि आसपासच्या किनाऱ्यांवर नाताळची सुट्टी घालवायला गेलेले ५४३ स्वीडिश नागरिक मृत्युमुखी पडले. त्यांचं सरकार उशिरा हललं, म्हणून स्वीडनमध्ये पुढे बरीच वर्षं टीका होत राहिली. श्रीमंत देश, उत्तम प्रशासन. पण कुठल्या हॉटेलात कोण उतरलंय याची यादी सरकारजवळ नव्हती.

मग आधीच नोंदणी का करून ठेवू नये? बऱ्याच देशांनी ते केलं. अमेरिकेची ‘स्टेप’ ही योजना प्रवाशाची नोंद घेते आणि त्या देशाविषयीचे इशारे त्याला पाठवते. भारतातही २०१५ मध्ये ‘मदद’ हे संकेतस्थळ आलं, त्यावर परदेशी शिकणाऱ्यांना नोंदणी करता येते. पण नोंदणीचं दुखणं सगळीकडे सारखं. सहलीला निघालेला माणूस संकटाचा अर्ज भरत नाही. ब्रिटनने आपली ‘लोकेट’ ही नोंदणी सेवा २०१३ मध्ये बंद केली, कारण ती वापरणारे फारच थोडे होते. ऑस्ट्रेलियानेही नंतर कायमची नोंदणी सोडून संकट आलं की तेवढ्यापुरती नोंदणी उघडायची, असा मार्ग धरला. युक्रेनमध्ये जानेवारी २०२२ मध्ये, युद्धाच्या महिनाभर आधी, भारतीय दूतावासानेही तिथल्या भारतीयांना एक ऑनलाइन अर्ज भरायला सांगितलं होतं.

यातून आखणी करणाऱ्याने काय शिकावं? पहिलं म्हणजे, बावीस रकान्यांचा अर्ज कुणी भरत नाही. नाव, पासपोर्ट क्रमांक, शहर, परतीची तारीख आणि घरचा एक फोन एवढ्यात काम भागतं. दुसरं, नोंदणीच्या बदल्यात प्रवाशाला ताबडतोब काहीतरी मिळायला हवं. त्या शहराचा ऑफलाइन नकाशा, जवळच्या दूतावासाचा पत्ता, त्या देशातले आणीबाणीचे क्रमांक. तिसरं, परतीची तारीख उलटली की नोंद आपोआप पुसली जावी. नाहीतर दोन वर्षांनी यादीतली निम्मी माणसं घरी चहा पीत असतात आणि दूतावास त्यांना सुदानमध्ये शोधत असतो.

सत्तर अक्षरांची गोष्ट

संकटात पहिल्यांदा कोलमडतं ते इंटरनेट. आवाजी फोन लागत नाहीत, कारण सगळं शहर एकाच वेळी फोन करत असतं. अशा वेळी जुना एसएमएस बऱ्याचदा तगून राहतो. त्याला सलग जोडणी लागत नाही. क्षणभर रेंज मिळाली तरी तो निघतो आणि समोरचा फोन बंद असेल तर मधल्या केंद्रात वाट पाहत थांबतो.

पण इथे मराठी माणसासाठी एक मजेदार अडचण आहे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन लिपीची १६० अक्षरं त्यात बसतात, देवनागरीची मात्र ७०. शिवाय आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते यंत्राला एक वाटत नाही. ‘क्षि’ आपल्या डोळ्यांना एक, यंत्राच्या मोजणीत क, पायमोडकी खूण, ष आणि ऱ्हस्व इकार अशी चार. ‘मी सुरक्षित आहे’ एवढ्या तीन शब्दांत मोकळ्या जागा धरून पंधरा जागा गेल्या. त्यात पत्ता, सोबतची माणसं आणि जखमेची माहिती घातली की संदेशाचे दोन-तीन तुकडे होतात, आणि एखादा तुकडा वाटेत रेंगाळला की बाकीच्यांचा अर्थ लागत नाही.

उपाय सोपा आहे. पडद्यावर मराठी, हवेतून आकडे. प्रवाशाला मराठीत चारच पर्याय दिसावेत: सुरक्षित आहे, अडकलोय, जखमी आहे, निघालोय. त्याने एकावर बोट ठेवलं की ॲपने इंग्रजी आकड्यांची छोटी ओळ बनवावी. पर्यायाचा क्रमांक, अक्षांश-रेखांश, सोबत किती माणसं, बॅटरी किती उरली. अक्षांश-रेखांश दशांश चिन्हानंतर चार आकड्यांपर्यंत दिले तर जागा साधारण अकरा मीटरच्या आत समजते. हे सगळं एका एसएमएसमध्ये आरामात मावतं. दूतावासातला संगणक त्याचं पुन्हा भाषेत रूपांतर करतो आणि तोच निरोप लातूरला आईलाही जातो. मग ती दर दहा मिनिटांनी फोन करत नाही. बॅटरी वाचवण्याचा याहून चांगला मार्ग कुठल्याच इंजिनिअरला सापडलेला नाही.

आकाशातलं पंचांग

इंटरनेट गेलं की जीपीएसही गेलं, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात जीपीएस म्हणजे नुसतं ऐकणं. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह आपली वेळ आणि जागा सतत सांगत असतात. फोन ते ऐकतो आणि स्वतःची जागा काढतो, स्वतः काहीच पाठवत नाही. त्यामुळे सिम नसलेल्या फोनलाही आपण कुठे आहोत ते कळतं. फक्त सगळे उपग्रह कुठे असतील याचा तक्ता त्याच्याकडे हवा. या तक्त्याला तंत्रज्ञ चक्क पंचांग म्हणतात. उपग्रहाकडून ते पूर्ण उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटं लागतात, कारण माहिती सेकंदाला जेमतेम पन्नास बिट अशा संथ चालीने येते. नेटवर्क असेल तर तेच काम काही क्षणांत होतं. म्हणून नीट आखलेलं ॲप रेंज आहे तोवर पंचांग ताजं करून घेतं आणि शेवटची माहीत असलेली जागा जपून ठेवतं.

या आकाशवाणीवर डोळे मिटून विश्वास ठेवणंही धोक्याचं. युद्धाच्या प्रदेशात जीपीएसचे संकेत मुद्दाम दडपले जातात किंवा खोटे पाठवले जातात. २०२३-२४ मध्ये इस्रायलमधल्या कित्येक फोनना आपण बैरुतच्या विमानतळावर आहोत असं दिसत होतं. म्हणून प्रवाशाला हाताने जागा सांगण्याची सोय हवीच. नकाशावर बोट ठेवून, किंवा ‘रेल्वे स्थानकामागचं वसतिगृह’ असं लिहून. आणि दूतावासानेही सूचनेत गावाच्या नावासोबत अक्षांश-रेखांश द्यावेत. पेसोचिन की पिसोचिन हा वाद मग उरतच नाही. फोनमध्ये आधीच उतरवलेल्या नकाशावर एक बाण उमटतो आणि त्या दिशेने चालायला लागायचं.

आणखी एक गोष्ट फोनला इंटरनेटशिवाय कळते, ती म्हणजे देश. प्रत्येक देशाच्या मोबाइल नेटवर्कला तीन आकडी खूण असते. भारताची ४०४ किंवा ४०५, जपानची ४४०, युक्रेनची २५५, संयुक्त अरब अमिरातीची ४२४. फोनने ती ओळखली की मदतीच्या बटणामागचा क्रमांक आपोआप बदलता येतो. युरोपीय संघात आणि आता भारतातही ११२, जपानमध्ये पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९, अमेरिकेत ९११, थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांसाठी ११५५. घाबरलेल्या माणसाकडून यातलं काही पाठ असण्याची अपेक्षा करू नये.

सूचनेत क्रियापद हवं

अमेरिकेचं परराष्ट्र खातं २०१८ पासून देशांना एक ते चार अशा पायऱ्या देतं. चौथी पायरी म्हणजे जाऊच नका. नेदरलँड्स हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे रंग वापरतं. घरून निघण्यापूर्वी हे उपयोगी. पण स्फोट झाल्यावर ‘परिस्थितीवर लक्ष ठेवा, अनावश्यक हालचाल टाळा’ हे वाक्य कुणाच्या कामाचं? अनावश्यक म्हणजे दूध आणणं की औषध आणणं? चांगल्या सूचनेत क्रियापद असतं: थांबा, निघा, तळघरात जा, सामान टाकून द्या. सोबत वेळ असते, आणि पुढची सूचना कधी येईल तेही असतं. ‘पुढची माहिती रात्री नऊला’ एवढं वाक्य हजारो लोकांचं दर दोन मिनिटांनी फोन उघडणं थांबवतं.

जपानच्या पर्यटन खात्याच्या देखरेखीखाली २०१४ साली आलेलं ‘सेफ्टी टिप्स’ हे ॲप या बाबतीत पाहण्यासारखं आहे. भूकंप आणि त्सुनामीचे इशारे ते परदेशी पाहुण्यांना त्यांच्या भाषेत देतं, काय करायचं याचा आराखडा दाखवतं, आणि स्थानिक माणसाला दाखवायची वाक्यंही त्यात तयार मिळतात. ‘मला आश्रयस्थळ दाखवाल का?’ हे जपानीत बोलता येत नसेल तर पडदा पुढे करायचा.

चुकीची सूचना गेली तर? १३ जानेवारी २०१८ रोजी हवाईमध्ये क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा सगळ्या मोबाइलवर गेला. तो खोटा असल्याचा संदेश त्याच वाटेने यायला ३८ मिनिटं लागली. इशाऱ्याचा मजकूर तयार होता, तो मागे घेण्याचा तयार नव्हता. तेव्हा प्रत्येक इशाऱ्याच्या जोडीला तो रद्द करण्याचा मजकूर आधीच लिहून ठेवावा, आणि धाडण्याआधी दोन माणसांची संमती लागावी. खऱ्या सूचना एकाच जागी, तारीख-वेळेसह दिसल्या की व्हॉट्सॲपवरच्या पाचव्या आवृत्तीचं बळ आपोआप कमी होतं.

अनारशावरची खसखस

युद्ध आणि भूकंप क्वचित येतात. बहुतेक प्रवाशांवर येणारी संकटं साध्या कपड्यांत येतात. दिवाळीत दुबईच्या लेकीसाठी अनारसे बांधून नेणाऱ्या आईला कुणी सांगितलेलं असतं का, की त्यावरची खसखस अमिरातींत प्रतिबंधित आहे? अफूच्या बोंडातलं बी म्हणून तिकडे तो अमली पदार्थांचा गुन्हा ठरतो. खोकल्याच्या किंवा वेदनेच्या काही औषधांचंही तसंच, आधी परवानगी न घेता नेलेली गोळी कोठडीपर्यंत पोहोचवू शकते. आपल्याकडेही याची दुसरी बाजू आहे. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारं उपकरण पाश्चात्त्य गिर्यारोहक बिनदिक्कत बाळगतात, पण भारतात ते परवान्याशिवाय चालत नाही. अशी उपकरणं बॅगेत सापडल्यामुळे गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांना अडवलं गेलं आहे. त्यांच्या देशाच्या ॲपने त्यांना एक ओळ आधी दाखवली असती तर सुट्टी वाचली असती.

नातवंडाच्या बारशाला न्यू जर्सीला जाणाऱ्या आजी-आजोबांची गरज आणखी निराळी. तिथल्या औषधाच्या दुकानात ‘क्रोसिन’ म्हटलं तर कुणाला कळत नाही, ‘पॅरासिटामॉल’ म्हटलं तरी विक्रेता थबकतो. तिकडे त्याचं नाव ॲसिटॅमिनोफेन. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळीचं मूळ नाव, मात्रा, ॲलर्जी आणि विम्याचा क्रमांक एका पानावर मोठ्या अक्षरांत असला, तर रात्री दोन वाजता रुग्णालयात मुलाला फाइल शोधावी लागत नाही. हे पान लाल बटणापेक्षा कितीतरी जास्त वेळा उघडलं जाईल.

माहितीच उलटली तर

‘आपली माणसं कुठे आहेत’ ही यादी ज्याच्या हाती पडेल त्याच्यासाठी ती शिकारीचा नकाशा ठरू शकते. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने प्रसिद्ध केलेल्या जागतिक नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या वाटा उजळून निघाल्या आणि दूरच्या वाळवंटातले लष्करी तळ सगळ्यांना दिसले. कुणी चोरी केली नव्हती, माहिती फक्त साठत गेली होती.

म्हणून असं ॲप प्रवाशाचा चोवीस तास पाठलाग करणारं नसावं. जागा फोनमध्येच राहावी आणि माणसाने स्वतः पाठवली तरच बाहेर जावी. कोणती माहिती, कशासाठी, किती दिवस, हे मराठीत, चार ओळींत सांगावं. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभाही हाच आहे: संमती घ्या आणि सांगितलेल्या कामापुरतीच माहिती वापरा. नाक्यावर बंदूकधारी माणूस फोन तपासायला मागतो, अशी वेळही गृहीत धरावी लागते. ॲपवर देशाचा झेंडा असणं काही ठिकाणी अभिमानाचं असतं आणि काही ठिकाणी जिवावरचं.

फोन हातातच नसेल तेव्हा

सर्वांत कठीण प्रसंग हा. थायलंडमध्ये संगणकाची नोकरी म्हणून नेलेल्या तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारच्या म्यावाडी भागात डांबून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणूक करून घेतली जाते. मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या दोन विमानांनी अशा ५४९ भारतीयांना परत आणलं. अशा ठिकाणी माणसाला एकटं पाडायचं तर आधी त्याचा फोन आणि पासपोर्ट ताब्यात घेतला की झालं. आखातात कामाला गेलेल्या रत्नागिरीच्या गवंड्याचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतो, तेव्हा त्याचीही थोड्याफार फरकाने हीच गत.

इथे दोन उपाय उरतात. पहिला निघण्याआधीचा. दहावी न झालेल्या कामगारांना ठरावीक १८ देशांत नोकरीला जाण्यासाठी सरकारी परवानगी लागते आणि ती ‘ई-मायग्रेट’ या यंत्रणेतून मिळते. नोंदणीकृत एजंटांची यादीही तिथेच असते. ॲपने एजंटाचं नाव विचारून ते यादीत आहे की नाही एवढं सांगितलं तरी निम्मं काम घरीच होतं. दुसरा उपाय हजेरीचा. शाळेत हजेरीत ‘ओ’ न देणारं पोरच मास्तरांच्या नजरेत भरतं. तसंच इथे माणसाने दर आठवड्याला एकदा बोट ठेवायचं, आणि दोनदा बोट पडलं नाही तर त्याने निवडलेल्या नातेवाइकाला निरोप जातो. इथे शांतता हाच संकेत असतो.

आणि अटक झाली तर? १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ सांगतं की परदेशी माणसाला पकडलं तर आपल्या दूतावासाला कळवण्याचा त्याचा हक्क आहे. याच कलमाच्या आधारे भारताने पाकिस्तानने अटक केलेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. १७ जुलै २०१९ रोजी पाकिस्तानने हे कलम मोडल्याचा निकाल लागला. सरकारांना भांडायला लागलेली ही ओळ प्रवाशाच्या खिशात स्थानिक भाषेत असावी: ‘मी भारतीय आहे. कृपया माझ्या दूतावासाला कळवा.’

बटणाच्या पलीकडे

हे सगळं झालं तरी पलीकडे माणूस नसेल तर फुकट. घंटा वाजते आणि घरात कुणी नाही, अशी गत होते. प्रत्येक दूतावासात रात्रपाळीचा माणूस कोण, तो मराठी, हिंदी, तमिळ, मल्याळम यांपैकी काय जाणतो, एका संदेशाला किती मिनिटांत उत्तर जाईल, हे कोड लिहिण्याआधी ठरायला हवं. युक्रेनमधून अखेर सुमारे साडेबावीस हजार भारतीय परतले. ९० विमानं उडाली, पण ती सगळी शेजारच्या देशांतून. त्या विमानांपर्यंतचा प्रवास विद्यार्थ्यांनी रेल्वेने, बसने, काहींनी पायी केला. ॲपचं काम विमान आणण्याचं नाही. विमान आणि माणूस यांच्यामधला तो अकरा किलोमीटरचा रस्ता त्याने सोपा करायचा असतो.

ॲप तयार झालं की त्याची परीक्षा कार्यालयात घेऊ नये. जुना स्वस्त फोन घ्यावा, बॅटरी आठ टक्क्यांवर आणावी, इंटरनेट बंद करावं आणि तो एखाद्या साठीतल्या मावशींच्या हाती देऊन मैदानात उभं करावं. दोन मिनिटांत निरोप गेला तर पास.

आणि तरी बॅटरी शून्यावर येणारच. म्हणून नोंदणी पूर्ण झाल्यावर या ॲपने शेवटी एक साधं काम करावं: एका कागदाची छपाई. नाव, रक्तगट, दूतावासाचा क्रमांक, घरचा क्रमांक, आणि स्थानिक भाषेतली ती एक ओळ. जत्रेला निघताना पोराच्या खिशात नाव, गाव आणि फोन लिहिलेली चिठ्ठी घालणाऱ्या आईने हे सगळं कधीच ओळखलेलं आहे. पोर हरवल्यावर चिठ्ठी लिहिता येत नाही, हेही तिला ठाऊक असतं.